दिवा जळू द्या, सर

माझ्या डोक्यावर काडीचाही भार पडत नाही, असं कंपनीनं मोजून काढलं. सेकंदात, दशांश चिन्हासकट. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि ती अजून पुरती उतरलेली नाही. म्हणून आधीच सांगते, मधेच आवाज चढला तर सांभाळून घ्या.

मी विजयश्री. मूळची हिंगोलीकडची, राहायला चिखलीत. अकरा वर्षं झाली, चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधते. कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी कागद नवा, बाई तीच. यंदा कंपनीनं आमच्यातल्या बारा जणी निवडल्या आणि सहा आठवड्यांचा कोर्स ठेवला. शेवटी परीक्षा. पास झालं तर माल तपासायच्या टेबलावर बढती आणि नोकरी कायम. नापास झालं तर परत लाइनवर, दुसरी संधी नाही. पुढची बॅच दोन वर्षांनी, आणि वयाची अट चाळीस. मला एकोणचाळिसावं सुरू आहे. आता तुम्हीच बघा माझा हिशेब.

कोर्स इंग्रजीत होता. पहिल्याच दिवशी मी उभी राहिले.

"सर, आम्ही मराठी शाळेतल्या. ही बिल्किस सातवीपर्यंत उर्दू शाळेतली. मराठीत शिकवा ना."

बिल्किस माझ्या शेजारी बसते. लाइनवरही शेजारी, कंपनीच्या बसमध्येही शेजारी. तिनं माझा पदर ओढला. "बस खाली, बाई. पहिल्याच दिवशी भांडण नको."

धनेश सर ट्रेनिंगचे प्रमुख. ते काही सुटाबुटातले साहेब नव्हेत, मूळचे आमच्यासारखेच लाइनवरचे. ट्रेनिंगच्या खोलीत भिंतीवर त्यांचा फोटो आहे, खाली लिहिलंय, 'सर्वांत जलद हात, २००९'. येता-जाता ते त्या फोटोकडे बघतात. माणूस वाईट नाही हो, पण एकदा वर चढलेल्या माणसाला जिन्याच्या पायऱ्या आठवत नाहीत.

"ताई, हेड ऑफिसला सगळ्या प्लांटमध्ये एकच भाषा पाहिजे," ते म्हणाले. "पण तुमचंही ऐकतो. मोजून बघू. पहिला आठवडा इंग्रजीत, दुसरा मराठीत. इंग्रजीनं डोक्यावर जास्त भार येतो असं निघालं तर पुढचं सगळं मराठीत, परीक्षासुद्धा. नाही निघालं, तर परत हा विषय काढायचा नाही."

मोजायला एका कॉलेजातून नेहा मॅडम आल्या. पंचविशीची पोर, रावेतहून स्कूटीवर यायची. दुसऱ्या भाषेत शिकताना डोक्याला किती कष्ट पडतात, यावरच ती मोठा अभ्यास करत होती. मला तर ऐकूनच बरं वाटलं. म्हणलं, चला, कुणाला तरी हा प्रश्न पडलाय.

तिनं प्रत्येकीच्या टेबलावर एकेक काळी डबी ठेवली. डबीवर लाल दिवा आणि बटण. पडद्यावर इंग्रजीत चार ओळींची सूचना आली. तेवढ्यात बारावी डबी कमी पडली म्हणून नेहा मॅडम खाली स्कूटीकडे पळाली. सरांनी त्या चार ओळींवर नजर टाकली आणि आमच्याकडं वळले.

"दिवा लागला की बटण दाबायचं. तुम्हाला काय सांगायचं, रोजचंच आहे. समजलं ना?"

"हो सर," बारा जणी एका सुरात. 'नाही' म्हणायची आम्हाला सवयच नाही.

रोजचंच म्हणजे काय ते सांगते. लाइनवर प्रत्येकीसमोर असाच लाल दिवा असतो. तुमचं काम संपायची वेळ झाली की तो लागतो. तीन सेकंदांत बटण दाबायचं, म्हणजे जुडगा पुढं सरकतो. नाही दाबलं तर भोंगा वाजतो, अख्खी लाइन थांबते, सगळे मान वळवून तुमच्याकडं बघतात आणि संध्याकाळी फळ्यावर तुमचं नाव. माझं नाव अकरा वर्षांत एकदाच लागलं होतं, सासरे गेल्याचा फोन आला त्या दिवशी.

इंग्रजीचा आठवडा सुरू झाला. पडद्यातून बाई बोलायची, चित्रं सरकायची. मी जीव कानात आणून बसायचे. एखादा शब्द ओळखीचा लागला, 'वायर' म्हणा, 'कट' म्हणा, की त्याला धरून पुढचं जुळवायला जायचे, तोवर दिवा. दाब. परत जुळवायला घ्यावं तर मागचं पुसलेलं. सगळं डोक्यावरून गेलं. बिल्किस म्हणाली, "तुझं बरंय, तुझं एकदाच भाषांतर. माझं आधी उर्दूत, मग मराठीत. तोवर ती बया तिसऱ्या पानावर पोचलेली."

धडा संपला की एक कागद यायचा. एक ते नऊ आकडे. एक म्हणजे डोक्याला काहीच कष्ट नाहीत, नऊ म्हणजे डोकं फुटायची पाळी. त्याला गोल करायचा. तुम्हाला वाटेल, आम्ही नऊला गोल केला असेल. कशाचं काय! पाठीमागं सर हाताची घडी घालून उभे. लाइनवर 'त्रास होतो' असं कागदावर लिहिणारीचं काय होतं ते आम्हाला माहीत आहे, दुसऱ्या दिवशी तिला हलक्या कामाला नेतात आणि महिन्याभरात ती दिसत नाही. बारा जणींनी एकला गोल केला. मीसुद्धा. एवढी भांडखोर मी, पण मीसुद्धा. खोटं कशाला बोलू!

दुसऱ्या आठवड्यात सरांनी मराठीत शिकवलं. काय सांगू तुम्हाला! तार कुठं सैल बसते, रबर कुठं दुमडतं, जे हाताला अकरा वर्षं ठाऊक होतं त्याचं कारण कळायला लागलं. आम्ही प्रश्न विचारले, वाद घातले, एकदा सरांची चूकही काढली. त्या नादात कधीकधी दिवा लागलेला पाहायलाच उशीर व्हायचा, मग "अगं बाई!" करत बटण दाबायचो.

शनिवारी सरांनी निकाल वाचला. दिवा लागल्यापासून बटण दाबेपर्यंतचा वेळ. इंग्रजीत सरासरी शून्य पॉइंट सात सेकंद. मराठीत एक पॉइंट दोन.

मग नेहा मॅडमनं त्याचा अर्थ सांगितला, जो आधी मुद्दाम सांगितला नव्हता. डोकं धड्यात गुंतलेलं असलं की हात बटणाकडं उशिरा जातो. जेवढा उशीर, तेवढा डोक्यावर भार. कागदावरही सगळ्यांनी 'एक' लिहिलेलं. थोडक्यात, इंग्रजीत आमच्या डोक्याला काहीच जड जात नव्हतं, उलट मराठीच जड जात होती.

"सगळ्यांत कमी वेळ विजयश्रीताईंचा," सर हसत म्हणाले. "सगळ्यांत जास्त आरडाओरडा पण त्यांचाच. सोमवारपासून इंग्रजी. विषय संपला."

मी उठले. "सर, मला इंग्रजीतलं एक अक्षर कळलं नाही."

"आकडे खोटं बोलतात का, ताई?"

आकडे समोर होते. बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून रडले, लाजेनं नाही, रागानं. अकरा वर्षं घासून हाताशी आलेलं एक काम, आणि ते पडद्यातल्या त्या न कळणाऱ्या इंग्रजी बाईच्या हातात. बिल्किसनं पिशवीतली चिक्की काढून माझ्या मांडीवर ठेवली, बस्स.

सोमवारी सकाळची शिफ्ट. आम्ही दोघी शेजारी उभ्या, हात चाललेले. बिल्किसनं विचारलं, "विजा, त्या रबराच्या धड्यात काय होतं गं, दुमडलं तर...?"

मी सांगायला तोंड उघडलं. दिवा लागला. हात गेला, बटण दाबलं गेलं.

"काय विचारलंस?" मी म्हणलं.

"घ्या! आत्ता तर विचारलं. दिवा लागला की बाईसाहेबांचं डोकंच विझतं."

ती हसत होती. मी मात्र हातातली तार तशीच धरून उभी राहिले. डोकंच विझतं. अरे देवा! आम्ही धडा ऐकता ऐकता बटण दाबत नव्हतो. आम्ही बटण दाबत होतो आणि धडा सोडत होतो. त्या डबीनं माझं डोकं मोजलंच नव्हतं, अकरा वर्षांची भीती मोजली होती.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा न उघडताच वर पळाले. नेहा मॅडम डब्या खोक्यात भरत होती.

"मॅडम, पहिल्या दिवशी पडद्यावर इंग्रजीत काय लिहिलं होतं? ते मला मराठीत सांगा."

ती चक्रावली. "सरांनी सांगितलं होतं ना? तुमचं पूर्ण लक्ष धड्याकडे ठेवा. धडा आधी. दिव्याकडे लक्ष जाईल तेव्हाच, सवडीनं बटण दाबा. उशीर झाला तरी काही बिघडत नाही."

"सरांनी सांगितलं, दिवा लागला की दाबायचं."

ती खुर्चीवर बसलीच. मी तिला लाइन सांगितली, तीन सेकंद सांगितले, भोंगा, फळा, सगळं सांगितलं. पोरीचा चेहरा उतरला. "ताई, मी तुमची लाइन बघायलाच गेले नाही," ती म्हणाली. "चूक माझी आहे. मी सूचना स्वतः द्यायला हवी होती."

"चूक कुणाची ते राहू द्या, ती दुरुस्त करायची का नाही?"

सरांचा अहवाल पाच वाजता हेड ऑफिसला जाणार होता. तीन वाजता क्लास. आम्ही दोघी सरांच्या केबिनमध्ये गेलो. मी आधी बोलले, तिनं माझ्यामागून बाजू धरली. सर ऐकत होते, पण त्यांच्या कपाळावर आठ्या चढत होत्या.

"म्हणजे आता तुम्हाला कळलंय की इंग्रजीत उशीर केला की मराठी मिळते. मग तुम्ही मुद्दाम उशीर करणार. त्याला काय अर्थ आहे?"

"मग नुसता दिवा मोजू नका, सर. प्रत्येक धड्यावर पाच प्रश्न विचारा. मुद्दाम उशीर करता येईल, मुद्दाम उत्तरं कशी येतील?"

"बरोबर आहे, सर," नेहा मॅडम म्हणाली. "माझ्याकडे दोन नवे धडे आहेत, कुणीच पाहिलेले नाहीत. तुम्हीसुद्धा नाही."

सर उठून उभे राहिले. "ठीक आहे. एकच संधी. आणि ताई, यात जरा जरी नाटक दिसलं, तर तुमचं नाव कोर्समधून काढीन. लेखी."

"काढा," मी म्हणलं.

तीनला सगळ्या जमल्या. या वेळी सूचना नेहा मॅडमनं दिली, मराठीत. "धडा आधी. दिवा जळत राहिला तर जळू द्या. भोंगा वाजणार नाही. कुणाचं नाव फळ्यावर लागणार नाही." दीपमाला म्हणून आमच्यातली सगळ्यांत लहान पोरगी आहे, तिनं दोनदा विचारलं, "नक्की ना, मॅडम?"

आधी मराठीचा धडा, मॅडमनं वाचलेला. दिवा लागायचा, आम्ही वाक्य पुरं ऐकून मग दाबायचो. दोन सेकंद, अडीच सेकंद. आणि पाच प्रश्नांची उत्तरं, कुणाची चार बरोबर, कुणाची पाच. सर भिंतीला टेकून बघत होते. "उशीर तर वाढलाच की," एवढंच बोलले.

मग इंग्रजी. पडद्यातली बाई बोलायला लागली. जोडणीत पाणी शिरू नये म्हणून बसवायच्या रबराबद्दल होतं, एवढं चित्रावरून कळलं. "सील," बाई म्हणाली. मग "फोल्डेड." मग "रिजेक्ट." मी एकेक शब्द धरून ठेवला. दुमडलं असेल तर टाकून द्यायचं. पण मग लगेच पुढं काहीतरी होतं, 'अनलेस' का काय, आणि...

दिवा लागला.

माझा उजवा हात उडाला. खरं सांगते, मी उचलला नाही, तो आपोआप उडाला. मी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं, खाली ओढला आणि त्याच्यावर बसले. शाळेतल्या पोरासारखी हातावर बसले! दिवा जळत होता. एक, दोन, तीन. आता भोंगा वाजणार, आता सगळे बघणार. कुणी बघितलं नाही. मी डोळे पडद्यावर रोवले. 'अनलेस'. म्हणजे टाकून द्यायचं, पण एखाद्या वेळी नाही. कोणत्या वेळी? बोल ना बाई, परत बोल.

शेजारी बिल्किसचे ओठ हलत होते. तिचा दिवा जळत होता. पुढं दीपमालाचा जळत होता, तिनं तर दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. मागून कुणाचं तरी "या अल्ला" ऐकू आलं, म्हणजे आमच्यातल्या साबियाचाही जळत होता. पाच सेकंद. सात. बाराच्या बारा लाल दिवे एकाच खोलीत जळतायत आणि एकही हात हलत नाही, असं त्या कंपनीत आजवर कधी झालं नसेल.

सर भिंतीपासून सुटले. माझ्या मागं येऊन उभे राहिले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"ताई, दाबा."

"दिवा जळू द्या, सर. माझं डोकं चालू आहे."

"अहो दाबा की! दहा सेकंद झाले!"

"नाही दाबत."

आणि माझ्या खांद्यावरून एक हात आला आणि बटण दाबून गेला. दिवा विझला.

मी मागं वळून बघितलं. सर स्वतःच्या हाताकडं बघत होते. त्यांनी तो उचलला नव्हता, हे मला दिसलं. मला दिसणार नाही तर कुणाला दिसणार?

नेहा मॅडमनं पडदा थांबवला. मी हळूच विचारलं, आवाज न चढवता. त्या दिवशी पहिल्यांदाच न चढवता.

"सर, पडद्यातली बाई आत्ता काय म्हणाली?"

त्यांनी पडद्याकडं पाहिलं. चित्रात दुमडलेलं रबर होतं, खाली इंग्रजीत दोन ओळी. त्यांना इंग्रजी येतं, आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं येतं. ओळी वाचून सांगता आल्या असत्या त्यांना. वाचल्या नाहीत.

"नाही ऐकलं," ते म्हणाले.

आमच्याकडं पाहून झालं, भिंतीवरच्या स्वतःच्या फोटोकडं पाहून झालं.

"मॅडम, यंत्रात माझा वेळ आलाय का?"

"सर, ती डबी ताईंची आहे. दिवा लागल्यापासून मी हातातल्या घड्याळावर मोजलं. पण ते..."

"किती?"

"अकरा सेकंद. तेवढा वेळ तुम्ही थांबलात."

"अकरा सेकंद मी त्या दिव्याशिवाय काहीच पाहिलं नाही," सर म्हणाले. ते बिल्किसच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले, आमच्या ओळीत. "आणि पहिल्या दिवशी सूचना मी सांगितली. चार ओळींची मी एक केली. मला वाटलं, एवढंच असणार."

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं काही नव्हतंच.

राहिलेला धडा झाला. पाच प्रश्न आले. बारा जणींत मिळून इंग्रजीची अकरा उत्तरं बरोबर आली, साठातली. माझी दोन. ती 'अनलेस'ची मात्र बरोबर आली, आणि त्या एका उत्तरासाठी माझं डोकं असं ठणकत होतं की खालचा आकड्यांचा कागद दोन-दोन दिसायला लागला. एक ते नऊ. मी नऊला गोल केला. मग नाव मागितलेलं नसताना खाली नाव लिहिलं, विजयश्री, आणि कंत्राटी नंबरही लिहिला, म्हणजे काढायचंच झालं तर शोधायला नको. बिल्किसनं माझ्या कागदात डोकावून बघितलं, 'अल्ला मालिक' म्हणाली आणि स्वतःच्या कागदावर तसंच केलं. उर्दूत सही केली. एकेक करत बाराही कागद तसेच गेले.

सरांनी ते गोळा केले. पाचला दहा कमी होते. जुना अहवाल त्यांनी टेबलावरून उचलला, दुमडून खिशात घातला आणि नव्या कागदांचा गठ्ठा नेहा मॅडमसमोर ठेवला.

"हे पाठवा," ते म्हणाले. "आणि सूचना चुकीची कुणी सांगितली, तेही लिहा. नावासकट."

दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"ताई, ते रबर. दुमडलं असेल तर टाकायचं. एखाद्या वेळी नाही टाकायचं असं उत्तरात लिहिलंत ना, ते कधी?"

"फक्त बाहेरची कड दुमडली असेल आणि बोटानं सरळ होत असेल, तर," मी म्हणलं. "आत दुमडलं तर लगेच टाकायचं."

सरांनी मान हलवली, खाली लाइनवर गेले आणि फळ्यावर, जिथं उशीर करणाऱ्यांची नावं लागतात तिथं, ते मराठीत लिहून ठेवलं.